बियाण्याचं धान आणि गेमची तीन जीबी



दिवाळीत बालाघाटला पोचलो की फराळाच्या आधी माझ्यापुढे दुरुस्तीची यादी येते. आईच्या फोनमध्ये जागा उरलेली नसते, आबांच्या टीव्हीला वायफाय सापडत नसतं, शेजारच्या काकूंचा प्रिंटर कागद गिळून बसलेला असतो. घरात एक इंजिनिअर असला की तो सगळ्याच यंत्रांचा वैद्य, अशी आपल्याकडे पद्धतच आहे. यंदा मात्र यादीत दुरुस्तीसोबत एक फिर्यादही होती.

फिर्यादी म्हणजे माझा भाचा, इयत्ता नववी. दोन वर्षं साठवलेले वाढदिवसाचे पैसे, त्यात आबांनी घातलेली भर, आणि त्यातून नागपूरच्या एका दुकानातून आणलेलं जुनं प्लेस्टेशन ४. दुकानदाराने सात दिवसांत परत घेण्याची हमी दिली होती आणि तो पाचवा दिवस होता.

"मामा, यात आठ जीबी मेमरी आहे ना?"

"आहे."

"मग गेमला पाचच काऊन मिळते? तीन जीबी कुठं गेली? पैसे तर आठचे घेतले ना!"

ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "कालपासून हेच चाललंय. परत करायचं म्हणतो."

भाच्याचा आकडा चुकीचा नव्हता. प्लेस्टेशन ४ मध्ये ८ जीबी मेमरी आहे आणि गेमच्या वाट्याला साधारण ५ जीबी येते. उरलेली सिस्टीमच्या, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नावे राखलेली असते. गेमला कितीही गरज पडली तरी त्या हिश्शाला हात लावता येत नाही. नववीतल्या मुलाला ही चोरी वाटली तर नवल नाही. मलाही माझ्या पहिल्या नोकरीत असंच वाटायचं, आणि त्याची किंमत भलत्याच लोकांनी मोजली. ते पुढे सांगतो.

आधी एक घोळ मिटवू. खोक्यावर ५०० जीबी किंवा १ टीबी लिहिलेलं असतं, ते कपाट. आठ जीबी म्हणजे टेबल. पुस्तकं कपाटात राहतात, पण अभ्यास करायचा तर पुस्तक टेबलावर आणून उघडावं लागतं. गेम चालू असताना समोर दिसणारी गल्ली, त्यातली माणसं, त्यांचे आवाज हे सगळं त्या क्षणी टेबलावर असावं लागतं. कपाट भरलं तर जुनी पुस्तकं काढता येतात, काही यंत्रांत कपाट बदलताही येतं. टेबल मात्र कारखान्यातून येतं तेवढंच राहतं. म्हणून त्याच्या वाटणीवरून एवढी ओढाताण होते.

माझ्या लहानपणी ही वाटणी नव्हतीच. नव्वदच्या दशकात आपल्या गावांमध्ये जे व्हिडिओ गेम मिळायचे, ते बहुतेक जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या १९८३ सालच्या फॅमिकॉम यंत्राच्या नकला. कॅसेटला फुंकर मारायची, खाचेत दाबायची, बटण सुरू करायचं. त्या यंत्राला कामासाठी मिळणारी मेमरी होती अवघी २ केबी. हा लेखही त्यात मावणार नाही. आत सिस्टीम नावाचा कुणी कारभारी नव्हता. कॅसेट लागली की सगळं घर गेमचं. कॅसेट काढली की पडदा रिकामा.

१९९४ च्या पहिल्या प्लेस्टेशनमध्ये २ एमबी मेमरी होती आणि त्यातली ६४ केबी सिस्टीमची. २००० च्या प्लेस्टेशन २ मध्ये ३२ एमबी, त्यातली साधारण १ एमबी सिस्टीमची. हिशोब करून पाहा, दोन्हीकडे बत्तिसावा हिस्सा. कारभारी होता, पण पायरीवर बसलेला. डिस्क ओळखायची, कंट्रोलर आणि मेमरी कार्डाची ने-आण बघायची, बाकी कशात पडायचं नाही.

मग बत्तिसाव्या हिश्शावरून आठातले तीन कसे झाले? कारण घराला दार आलं. दार म्हणजे इंटरनेट. गेम चालू असताना मित्राचा निरोप यावा, त्याच्याशी बोलता यावं, नवा गेम मागे डाउनलोड होत राहावा, एखादा भारी क्षण रेकॉर्ड व्हावा, या अपेक्षा आल्या. ही कामं गेमची नव्हेत. गेम कोणताही असो, ती चालूच राहिली पाहिजेत. मग त्यांना टेबलाचा एक कोपरा कायमचा लागणारच. तो किती मोठा ठेवायचा, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर दोन कंपन्यांनी दोन तऱ्हांनी दिलं आणि त्याचा निकाल पुढची अनेक वर्षं सगळ्यांनी पाहिला.

मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स ३६० नोव्हेंबर २००५ मध्ये आलं. मेमरी ५१२ एमबी, त्यातली ३२ एमबी सिस्टीमसाठी पहिल्या दिवसापासून राखलेली. त्या काळी गेम बनवणाऱ्यांना ३२ एमबी म्हणजे केवढी! सबंध प्लेस्टेशन २ ची मेमरी तेवढी होती. पण त्या राखीव जागेत मित्रांची यादी, निरोप आणि आवाज यांची सोय आधीच धरलेली होती. दोघं जण दोन वेगळे गेम खेळत असले तरी एकमेकांशी बोलू शकत. नोव्हेंबर २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने सिस्टीमचं रूपच बदललं आणि आठ जणांना एकत्र गप्पा मारता येतील अशी पार्टी आणली. २००५ साली विकलेली गेमची डिस्क त्या नव्या सिस्टीमवरही चालली, कारण गेमच्या हिश्शाला धक्का लागला नव्हता.

सोनीचं प्लेस्टेशन ३ एका वर्षाने, नोव्हेंबर २००६ मध्ये आलं. मेमरी तेवढीच, पण २५६ एमबीचे दोन वेगळे भाग. सिस्टीम जड होती, म्हणून सुरुवातीला सोनीनेही मोठा हिस्सा राखला होता. पण गेमवाल्यांची मागणी जोरात होती, त्यामुळे पुढे टप्प्याटप्प्याने तो कमी करून गेमना देत गेले. त्या वेळी सगळे खूश. गेम चालू असताना सिस्टीमचा मेन्यू उघडणं ही साधी वाटणारी गोष्ट जुलै २००८ मध्ये आली. आणि वेगवेगळे गेम खेळणाऱ्या मित्रांनी एकमेकांशी बोलण्याची सोय? लोक वर्षानुवर्षं मागत राहिले. ती प्लेस्टेशन ३ वर शेवटपर्यंत आली नाही. टेबलावर जागाच उरली नव्हती.

इथे भाच्याने अडवलं. "मग गेमकडून थोडी परत घ्यायची ना."

हीच तर मेख आहे. समजा, तुम्ही गेम बनवणाऱ्याला सांगितलंत, एवढी जागा तुझी. तो दोन-तीन वर्षं खपून, शेवटच्या कोपऱ्यापर्यंत ती वापरून गेम बनवतो. लाखो डिस्क घरोघरी जातात. उद्या तुम्ही म्हणालात, यातला थोडा भाग मला परत पाहिजे, तर त्या डिस्कमधला गेम काय करणार? त्याला हे माहीतच नाही. तो आपल्या जुन्या जागेवर सामान ठेवायला जाणार आणि धाडकन बंद पडणार. कॉम्प्युटरवर मेमरी कमी पडली की थोडं सामान डिस्कवर सरकवतात आणि लागलं की परत आणतात. आपण तेवढा वेळ तो फिरणारा गोल बघत बसतो. गेमला ही चैन परवडत नाही. सेकंदाला ६० चित्रं काढायची तर एका चित्राला जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला हवी ती जागा नुसती शोधायलाच साधारण १० मिलिसेकंद लागतात. टेबलावरचं पुस्तक दर वेळी कपाटात ठेवून पुन्हा काढायचं म्हटलं तर परीक्षेचा वेळ त्यातच जायचा.

म्हणजे नियम असा झाला: राखलेली जागा पुढे कधीही सोडता येते, पण एकदा सोडलेली परत घेता येत नाही.

हा धडा २०१३ साली दिसला. त्या वर्षी प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन, दोन्ही ८ जीबी घेऊन आले आणि दोघांनीही सुमारे तीन जीबी सिस्टीमला राखली. गेमवाल्यांनी नाकं मुरडली. पण वेगवेगळे गेम खेळताना गप्पा मारण्याची सोय प्लेस्टेशन ४ वर पहिल्या दिवसापासून होती. खेळाची मागची १५ मिनिटं आपोआप रेकॉर्ड होत राहण्याची सोयही तिथलीच.

आणि राखलेलं सोडलं कसं जातं, तेही पुढे दिसलं. एक्सबॉक्स वनने किनेक्ट कॅमेऱ्यासाठी ग्राफिक्सच्या ताकदीचा सुमारे दहावा हिस्सा राखला होता. तो जून २०१४ मध्ये गेमना मोकळा करून दिला. जुन्या गेमना काही त्रास झाला नाही, नव्यांना फायदा झाला. २०१६ च्या प्लेस्टेशन ४ प्रो मध्ये सोनीने साध्या, स्वस्त मेमरीची १ जीबी वेगळी बसवली. गेम खेळताना मागे पडलेलं नेटफ्लिक्ससारखं ॲप तिकडे सरकवायचं आणि वेगवान मेमरीतली ५१२ एमबी गेमला जास्तीची द्यायची. पुढे २०२४ च्या प्लेस्टेशन ५ प्रो मध्येही हीच युक्ती मोठ्या मापाने केली, २ जीबी वेगळी देऊन. पाहुण्यांसाठी अंगणात खोली बांधली, म्हणजे घरातली खोली मुलांना मोकळी.

निन्टेन्डोची तऱ्हा निराळी. २०१२ च्या वी यू यंत्रात २ जीबी मेमरी होती आणि सरळ अर्धी-अर्धी वाटणी. पण त्यांच्याच २०११ च्या थ्री-डी-एस या हातातल्या यंत्राची गंमत ऐका. त्यात १२८ एमबी मेमरी. २०१४ मध्ये त्यांचा 'सुपर स्मॅश ब्रदर्स' हा गेम आला, त्याला नेहमीच्या वाट्यात भागेना. मग तो गेम चालू असेपर्यंत सिस्टीमने ब्राउझरसारखी आपली काही कामं बंद ठेवायची आणि खेळ संपला की यंत्राने स्वतःला नव्याने सुरू करून घ्यायचं. लग्नघरी हॉलमधलं सामान बाहेर काढतात आणि वऱ्हाड गेल्यावर पुन्हा लावतात, तसं. चालतं, पण रोज लग्न नसतं म्हणून चालतं.

आजही चित्र फार बदललेलं नाही. एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये १६ पैकी १३.५ जीबी गेमला. २०२५ च्या निन्टेन्डो स्विच २ मध्ये १२ पैकी ९.

आणि हे सगळं दूर जपान-अमेरिकेत चालतं, असं समजू नका. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीचा 'राजी: अॅन एन्शंट एपिक' हा गेम ऑगस्ट २०२० मध्ये आधी निन्टेन्डो स्विचवर आला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वनवर. आपल्या धाकट्या भावाला शोधायला निघालेल्या मुलीची ती गोष्ट. स्विचमध्ये एकूण मेमरीच ४ जीबी, आणि तिच्यातही सिस्टीमचा वाटा आधी बाजूला. म्हणजे त्यातले किल्ले, जंगलं, देवळं असा सगळा पसारा चारहून कमी जीबीत बसवायचा. गेम बनवणाऱ्याला कुणी विचारत नाही, तुला किती पाहिजे? त्याला सांगितलं जातं, एवढी आहे, यात संसार कर.

आता माझी गोष्ट. बीई झाल्यावर पहिली नोकरी नागपूरच्या एका लहानशा कंपनीत लागली. दूध संकलन केंद्रावर ठेवायचं यंत्र आम्ही बनवत होतो. दुधाचं वजन आणि फॅट घ्यायचं, भाव काढायचा, चिठ्ठी छापायची. मेमरी एकूण ६४ केबी. चिठ्ठी देवनागरीत छापायचं काम माझ्याकडे होतं. मी हौसेने अक्षरं सुंदर केली, सभासदांची यादी लांबवली, महिन्याचा हिशोबही आत बसवला. शेवटी दोन केबी उरली होती. मी साहेबांना अभिमानाने म्हणालो, "सर, काही वाया जाऊ दिलं नाही." त्यांनीही पाठ थोपटली.

वर्षभराने ठरलं की रोजच्या नोंदी मोबाइल नेटवर्कवरून मुख्य कार्यालयात पाठवायच्या, त्याही कुणी मध्येच वाचू नयेत अशा सुरक्षित पद्धतीने. त्याला काही केबी जागा हवी होती. ती नव्हती. मी इथून तिथून खरवडून जागा काढली, कार्यालयात चाचणी केली, चाललं. पण केंद्रावर सकाळी सहाची गर्दी, एकामागून एक कॅन, आणि मागे नोंदी पाठवणंही चालू. यंत्र अडकायला लागलं. बंद करून सुरू केलं की न पाठवलेल्या नोंदी गेलेल्या.

मला पाहायला पाठवलं. एका केंद्रावर रांगेतल्या एक आजी माझ्यापाशी आल्या. हातात कालची चिठ्ठी नव्हती, कारण ती छापलीच गेली नव्हती. म्हणाल्या, "बाबू, माझं कालचं दूध कुठं गेलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन लिटर असेल, चार असेल. पण ते त्यांच्या म्हशीचं होतं आणि ते मी घालवलं होतं. सचिवांनी वहीतल्या अंदाजाने पैसे दिले. आम्ही केंद्राकेंद्रावर जाऊन यंत्रातला बोर्ड बदलला, जास्त मेमरीचा. त्या आजींचा प्रश्न मात्र माझ्याजवळच राहिला. आज कुठलंही काम सुरू करताना मी आधी रिकामी जागा आखतो. नवीन मुलं विचारतात, "ही कशासाठी?" मी सांगतो, "अजून माहीत नाही, म्हणूनच."

हे सगळं ऐकून भाचा गप्प बसला होता. पटलं होतं की नाही, कळेना. तेवढ्यात आमची आजी, म्हणजे त्याची पणजी, खाटेवरून म्हणाली, "बियाण्याच्या धानासारखं आहे तर."

बालाघाटच्या लोकांना हे समजावायला नको, पण बाहेर वाढलेल्या वाचकांसाठी सांगतो. आमचा हा वैनगंगेकाठचा धानाचा मुलूख. इथल्या सुवासिक चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आजीच्या घरी चिन्नोरचं धान झोडून झालं की पहिलं काम म्हणजे चांगलं दाणेदार बियाणं वेगळं काढून बांधून ठेवणं. विकायचं, खायचं, पाहुण्यांना द्यायचं ते सगळं नंतर. तेही लागेल तेवढंच बियाणं ठेवायचं नाही, थोडं जास्त. कारण पावसाने पहिल्यांदा दगा दिला तर पुन्हा पेरावं लागतं.

"आणि रोवणी नीट झाली तर?" भाच्याने विचारलं.

"तर उरलेलं कांडून खायचं," आजी म्हणाली. "पण आधी खाल्लं अन् मग पाऊस गेला, तर पोटातलं धान शेतात कसं जाईल?"

एवढं बोलायला मला तासभर लागला होता.

संध्याकाळी भाच्याने यंत्र सुरू केलं. त्याचा जिवलग मित्र जूनमध्ये वडिलांच्या बदलीमुळे जबलपूरला गेला. शाळेत एका बाकावर बसणारे हे दोघं आता दिवाळीतही भेटत नाहीत. भाच्याने क्रिकेटचा गेम लावला, कानाला हेडफोन लावला आणि हाक मारली. तिकडे मित्र फुटबॉल खेळत होता. गेम दोन, गप्पा एकच. नव्या शाळेतले सर, कुणी डबा पळवला, कुणाला किती मार्क. मधेच भाच्याची विकेट गेली तरी त्याला पत्ता नव्हता.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझी तीन जीबी सापडली का?"

तो माझ्याकडे बघून हसला आणि मित्राला म्हणाला, "थांब, मामा काही सांगत आहेत." मी काहीच सांगितलं नाही. यंत्र दुकानात परत गेलं नाही, एवढं मात्र सांगतो.

तुमच्यापैकी कित्येकांची पहिली नोकरी नुकतीच सुरू झाली असेल, कुणाचं नवं घर झालं असेल, हप्ते चालू असतील. महिन्याचा पगार, दिवसाचे तास, घरातली खोली, सगळीकडे हीच वाटणी आहे. पगार वाढला म्हणून सगळाच्या सगळा हप्त्यात बांधला, तर आई-वडिलांच्या दवाखान्यासाठी मधूनच थोडा सोडवून घेता येत नाही. कॅलेंडरमधला प्रत्येक तास कामाला देऊन टाकला, तर वर्षाने मुलासाठी तो परत मागणं अवघड जातं. पहिल्या दिवशी थोडं कमी घेऊन राहावं लागतं, तेवढं खरं. पण राखून ठेवलेलं नको असेल तेव्हा सोडता येतं.

घरी कुणी गेमचं यंत्र घेणार असेल तर एक साधी सूचना. खोक्यावरच्या मेमरीच्या आकड्यावरून दोन यंत्रांची तुलना करत बसू नका, ती वाटणी कंपनीने आधीच केलेली आहे आणि गेम त्याच मापाने बनलेले असतात. पाहायचंच असेल तर साठवणीची जागा पाहा आणि त्यातही थोडी रिकामी ठेवा.

निघताना आजीने चिन्नोरची पिशवी दिली. मी म्हटलं, "आजी, बियाण्यातलं तर नाही ना?"

"रोवणी होऊन उरलेलं आहे," ती म्हणाली. "खा निवांत."

पुढच्या अंकात भेटू. तोवर तुमच्या घरातल्या यंत्रांच्या फिर्यादी कळवत राहा.